महाराष्ट्रातील कौटुंबिक इतिहास संशोधनाची साधने

महाराष्ट्रातील कौटुंबिक इतिहास संशोधनाची साधने म्हणजे एखाद्या कुटुंबाची वंशावळ, मूळ गाव, व्यवसाय, जमीनजुमला आणि स्थलांतर यांचा माग काढण्यासाठी उपयोगी पडणारे लिखित साहित्य होय. हे साहित्य ग्रंथालये, पुरालेखागारे, महसूल कार्यालये, शाळा, तीर्थक्षेत्रे आणि खाजगी दप्तरे अशा अनेक ठिकाणी विखुरलेले आहे.

युरोपातील अनेक देशांत चर्चच्या नोंदवह्या आणि व्यक्तिनिहाय जनगणना यांच्या आधारे कुटुंबाचा इतिहास सलगपणे मांडता येतो. महाराष्ट्रात अशी एकच सलग नोंद उपलब्ध नाही. येथील बहुतेक कागद वंशावळ जपण्यासाठी लिहिलेले नाहीत. सारा वसूल करणे, वतनाचा तंटा मिटवणे, इनामाची चौकशी करणे, मुलास शाळेत दाखल करणे किंवा एखाद्या जमातीवर पाळत ठेवणे अशा निरनिराळ्या हेतूंनी ते तयार झाले. त्यामुळे कागद कोणी व कशासाठी लिहिला हे ठाऊक असल्यास त्यात कोणाचे नाव सापडेल आणि कोणाचे सापडणार नाही, याचा अंदाज बांधता येतो. जात पडताळणी, वारसाहक्क आणि जमिनीचे वाद यांमुळे या साधनांना केवळ ऐतिहासिकच नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी

मराठा अमदानीत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुला, महार इत्यादींची वतने वंशपरंपरेने चालत. वतनाचा वाद उभा राहिल्यास गोतसभेपुढे पक्षकार आपल्या घराण्याची हकिकत सांगणारा ‘करीना’ सादर करीत. निवाड्याच्या कागदास ‘महजर’ म्हणत. करीना व महजर यांत अनेकदा चार-पाच पिढ्यांची नावे, भावकीतील वाटण्या आणि दत्तकविधाने यांचा उल्लेख येतो. मराठी प्रदेशातील कौटुंबिक इतिहासाचे हे सर्वांत जुने विश्वसनीय साधन मानले जाते. मात्र वाद जिंकण्याच्या हेतूने दिलेली माहिती म्हणून ते पडताळून घ्यावे लागते.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर पेशव्यांचे दप्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. इनाम जमिनींवरील हक्क तपासण्यासाठी १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनला अधिकार मिळाले. या चौकशीत इनामदारांकडून कैफियती व वंशावळी घेण्यात आल्या. ज्या घराण्यांकडे इनाम होते, त्यांच्या बाबतीत हे कागद अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांना जोडणारा दुवा ठरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगावी फिरून खाजगी दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. घराघरांत पडून असलेले कागद जतन करण्याची जाणीव या चळवळीमुळे रुजली.

ग्रंथालयांतील साधने

कुलवृत्तांत : एका कुळाची किंवा आडनावाची समग्र माहिती देणारा ग्रंथ म्हणजे कुलवृत्तांत. त्यात सामान्यतः गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, शाखा, स्थलांतरे, वंशवृक्ष आणि व्यक्तींचे परिचय असतात. विसाव्या शतकात कोकणस्थ कुळांनी असे ग्रंथ मोठ्या संख्येने प्रसिद्ध केले. पुढे इतर ज्ञातींतही ही प्रथा पसरली. हे ग्रंथ बहुधा कुलमंडळांनी वर्गणीतून, मर्यादित प्रतींत छापलेले असल्याने पुस्तकांच्या दुकानांपेक्षा जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतच मिळण्याचा संभव अधिक असतो. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या वंशशाखाच पुढे नेलेल्या असतात. मुलीचे नाव व सासर दिले जाते, पण तिची संतती त्या ग्रंथात येत नाही.

छापील ऐतिहासिक साधने : गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’ या नावाने पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. पुरुषोत्तम विश्राम मावजी व दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी संपादित केलेला ‘कैफियती, यादी वगैरे’ हा संग्रह (१९०८) घराण्यांच्या माहितीसाठी उपयुक्त आहे. अशा ग्रंथांतील व्यक्तिनामांची व स्थलनामांची सूची प्रथम पाहण्याची पद्धत आहे.

चरित्रकोश व गॅझेटियर : सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशांपैकी ‘मध्ययुगीन’ व ‘अर्वाचीन’ हे खंड या कामी उपयोगी पडतात. मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार झाले. त्यांत व्यक्तींची नावे क्वचितच आढळतात. परंतु गावे, जाती, व्यवसाय, दुष्काळ व साथी यांची माहिती मिळते. एखाद्या कुटुंबाने गाव का सोडले असेल, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

नियतकालिके : ज्ञातिसंस्थांची मासिके, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल आणि जुन्या वृत्तपत्रांतील निधनवार्ता यांतून विसाव्या शतकातील सामान्य माणसांची नावे मिळतात.

जुनी ग्रंथालये : रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) व कोल्हापूर (१८५०) येथील नगरवाचनालये, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांत स्थानिक प्रकाशनांचे संग्रह आहेत. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून पुढे आलेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत शासकीय अहवाल व जुनी नियतकालिके पाहता येतात. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयास पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे.

पुरालेखागारे

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे आहेत. मुंबई सरकारचा दप्तरखाना १८२१ मध्ये सुरू झाला. तो आज काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तर व इनाम कमिशनचे कागद आहेत. हे कागद कापडी ‘रुमालां’त बांधलेले असून त्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. कोल्हापूर येथे संस्थानचे दप्तर, नागपूर येथे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कागद, तर छत्रपती संभाजीनगर येथे निजामकालीन कागद आहेत.

पुरालेखागारात कागद व्यक्तीच्या नावाने लावलेले नसतात. ते खाते, प्रांत, परगणा व वर्ष यांनुसार असतात. त्यामुळे कुटुंबाचे गाव जुन्या कोणत्या परगण्यात किंवा तर्फेत मोडत होते, हे आधी निश्चित करावे लागते. भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि काही विद्यापीठे यांकडेही मोडी कागदांचे संग्रह आहेत.

महसुली व भूमी अभिलेख

शेतकरी कुटुंबांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा साधनगट होय. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी केलेल्या मोजणीपासून सर्व्हे क्रमांकावर आधारित रयतवारी पद्धत मुंबई इलाख्यात स्थिरावली. मोजणीच्या वेळी तयार झालेल्या टिपण बुक, शेतवार पत्रक, प्रतिबुक व क्लासर रजिस्टर इत्यादी कागदांत जमिनीचा तपशील व खातेदारांच्या नोंदी मिळतात. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली.

कौटुंबिक इतिहासासाठी सातबारा उताऱ्यापेक्षा फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) व वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) अधिक उपयुक्त असतात. सातबाऱ्यावर त्या वेळचा धारक दिसतो. तर फेरफारात जमीन वडिलांकडून मुलांकडे, भावाभावांत किंवा दत्तकाकडे कशी गेली, हे तारखेसह लिहिलेले असते. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे शोधत गेल्यास तीन-चार पिढ्यांचा क्रम लागू शकतो. या नोंदींत काही संक्षेप वारंवार येतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत केवळ एका भावाचे नाव असले, तरी इतर भाऊ असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

भूमिहीन कुटुंबे या कागदांत उशिरा येतात. १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ म्हणून अनेक कुटुंबांची नावे सरकारी नोंदींत आली. बलुतेदार व महार वतनदार यांची नावे वतन रजिस्टरांत आढळतात. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने या वतनांचे नियमन होई. कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द करण्यात आली. त्यामुळे सातबाऱ्यावर पूर्वजाचे नाव नसलेल्या दलित कुटुंबाची वंशावळ वतनाच्या कागदांत मिळू शकते.

जन्म-मृत्यू, शाळा व जनगणना

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्यापूर्वी गावातील जन्म-मृत्यू कोतवाल वा पाटील यांच्याकरवी नोंदवले जात. ही नोंदवही ‘गाव नमुना १४’ किंवा ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते; विदर्भात ‘कोतवाल पंजी’ असे म्हणतात. जुन्या नोंदवह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नवजात बालकाचे नाव अनेकदा लिहिलेले नसते. बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी आणि दिनांक एवढीच माहिती असते.

शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत (जनरल रजिस्टर) मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख व जन्मगाव लिहिलेले असते. जन्मतारीख कित्येकदा शिक्षकांनी अंदाजाने घातलेली असल्याने ती इतर नोंदींशी ताडून पाहावी लागते.

मुंबई इलाख्यात पहिली जनगणना १८७२ मध्ये झाली. तथापि भारतात व्यक्तिनिहाय जनगणनापत्रके ब्रिटनप्रमाणे संशोधनासाठी खुली नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय आहेत. १९५१ च्या जनगणनेच्या आधारे तयार केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर हा यास अपवाद असून काही जिल्ह्यांत त्याच्या प्रती आढळतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या व हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया व हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशपरंपरागत वह्या असतात. त्यांना ‘नामावळी’ असेही म्हणतात. यात्रेस किंवा श्राद्धविधीसाठी आलेला यजमान स्वतःचे, भावांचे, मुलांचे व पूर्वजांचे नाव लिहून सही करीत असे. शोध घेताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे लागते, कारण यजमानांची वाटणी अनेक ठिकाणी प्रदेशानुसार असते. या वह्या उपाध्यायांची खाजगी मालमत्ता असून परंपरेने त्या संबंधित कुटुंबासच दाखवल्या जातात. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने हरिद्वारसह काही क्षेत्रांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले. पुढे त्यातील भाग ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळाच्या संग्रहात आला.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर व सीमाभागात हेळवी समाजाचे लोक बैलावर बसून गावोगाव फिरत आणि कुळांच्या वंशावळी सांगत. मुलांच्या जन्माची नवी नोंद करून ते धान्य वा दक्षिणा घेत. यात्रा किंवा श्राद्धासाठी तीर्थक्षेत्री जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा शेतकरी कुटुंबांची नावे या परंपरेत टिकून राहिली.

लिपी, भाषा व कालगणना

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुसंख्य मराठी दप्तर मोडी लिपीत आहे. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. त्यामुळे अनोळखी आडनाव वाचताना चूक होण्याचा धोका अधिक असतो. पुराभिलेख विभाग व काही संस्था मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतात. २०१४ मध्ये मोडीचा समावेश युनिकोडमध्ये झाला.

नाते दर्शवणारे काही शब्द ठाऊक असणे आवश्यक असते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमुकाची पत्नी. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ आल्यास पुढील नाव बापाचे नसून नवऱ्याचे असते. हा भेद लक्षात न घेतल्यास वंशवृक्षात सून ही लेक म्हणून नोंदली जाते.

जुन्या कागदांत शक, शुहूर (अरबी), फसली अशा अनेक कालगणना येतात. शकवर्षात ७८ (जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९) मिळवल्यास इसवी सन मिळतो. शुहूर सन मृगारंभी बदलत असल्याने त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. हा सन अरबी संख्यावाचकांनी, एककापासून सुरुवात करून लिहिला जातो. उदाहरणार्थ, ‘समान खमसैन मया व अलफ’ म्हणजे ८ + ५० + १०० + १००० = ११५८, अर्थात इ.स. १७५७-५८. फसली सनात सुमारे ५९० मिळवावे लागतात. मात्र त्याचा वर्षारंभ प्रदेशानुसार वेगळा आहे. अचूक दिनांकासाठी जंत्रीचा आधार घेतला जातो.

प्रादेशिक भेद

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुने महसुली कागद उर्दू व फारसीत आहेत. इनामाच्या शोधासाठी ‘मुंतखब’ पाहिले जातात. काही कागद हैदराबाद येथील पुरालेखागारात आहेत. विदर्भात ‘अधिकार अभिलेख’, ‘निस्तार पत्रक’ व ‘वाजिब-उल-अर्ज’ असे वेगळे दस्तऐवज आढळतात.

कोकणातील अनेक कुटुंबांचा शोध गोव्यापर्यंत जातो. पणजी येथील गोवा पुरालेखागाराचा उगम १५९५ मध्ये दियोगु दु कोतु यांच्याकडे सोपवलेल्या दप्तरात आहे. गावकारींच्या (कोमुनिदाद) वह्यांत गावकऱ्यांची, तर चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची माहिती मिळते. तंजावरच्या मराठी कुटुंबांसाठी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोडी संग्रह महत्त्वाचा आहे. मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मुंबई इलाख्यातील युरोपीय व अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स’मध्ये मिळतात.

जात पडताळणीतील उपयोग

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र व त्याची पडताळणी २००० च्या अधिनियमानुसार होते. अर्जदारास जात व वास्तव्य यांचे पुरावे मानीव दिनांकापूर्वीचे द्यावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या नावाचा असल्याने अर्जदारापासून त्या व्यक्तीपर्यंतचे नाते वंशावळीने सिद्ध करावे लागते. राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना न्यायालयांनी अधिक वजन दिले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली. प्रथम मराठवाड्यापुरते असलेले हे काम नंतर राज्यभर विस्तारले. महसुली कागदांबरोबरच शाळा, कारागृह, पोलीस, दुय्यम निबंधक, राज्य उत्पादन शुल्क व वक्फ या विभागांतील दप्तरे त्यासाठी तपासण्यात आली. या शोधामुळे मोडी वाचकांची निकड आणि जुन्या दप्तरांची अवस्था हे विषय सार्वजनिक चर्चेत आले.

मर्यादा

उपलब्ध साधने सर्व समाजघटकांना समान न्याय देत नाहीत. वतन, इनाम वा जमीन असलेल्यांचे कागद विपुल आहेत. भटक्या-विमुक्तांकडे मात्र घर व जमीन दोन्ही नसल्याने मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा मिळवणे त्यांना सर्वांत कठीण जाते. गुन्हेगार जमाती कायद्याखालील हजेरी व वसाहतींच्या नोंदी हेच कित्येक कुटुंबांचे एकमेव जुने लेखी अस्तित्व आहे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु ज्या कागदांनी पूर्वजांना गुन्हेगार ठरवले, त्यांचाच आधार आज वंशजांना हक्कासाठी घ्यावा लागतो.

स्त्रियांचा माग विवाहानंतर नाव बदलल्यामुळे तुटतो. १९९४ च्या राज्य दुरुस्तीपूर्वी वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणे जन्मसिद्ध वाटा नसल्याने जुन्या वारसनोंदींत त्यांची नावे अनेकदा गाळलेली असतात किंवा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात येतात. माहेरची नावे विवाहपत्रिका, बक्षीसपत्रे व तीर्थक्षेत्रांतील वह्या यांतून शोधावी लागतात.

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच घरात तीच नावे पुन्हा येतात व दोन पिढ्या एकच समजल्या जाण्याचा संभव असतो. दत्तकामुळे बापाचे नाव व कधी आडनावही बदलते. गावावरून किंवा पदावरून आडनाव बदलल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. म्हणून केवळ आडनावाच्या साम्यावरून नाते न जोडता गाव, सर्व्हे क्रमांक व भावकीतील अन्य नावे यांचा मेळ घालणे आवश्यक मानले जाते.

वाळवी, दमट हवा, आग व पूर यांमुळे अनेक दप्तरे नष्ट झाली आहेत. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले. भूमी अभिलेखांच्या प्रतिमा ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर उपलब्ध होत असल्या, तरी खाजगी दप्तरे, शाळांच्या नोंदवह्या व तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांचा मोठा भाग अद्याप एकाच मूळ प्रतीवर अवलंबून आहे.